कॅमेऱ्यापुढचा वन्स मोअर

माझं लहानपण मेंढरांमागं गेलं. आम्ही माणच्या कोरड्या पट्ट्यातले. दिवाळी झाली की वडील कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे, संसार घोड्याच्या पाठीवर. मेंढरं ज्याच्या रानात बसवायची, तो देईल त्या धान्यावर चूल पेटायची. धाकटी बहीण तापानं फणफणली तेव्हा मुक्काम परक्या गावच्या शिवारात होता. दवाखाना कुठल्या अंगाला, हे विचारायलाही कुणी ओळखीचं नव्हतं. ती तिथंच गेली. त्या साली वडिलांनी मला साताऱ्याच्या बोर्डिंगात घातलं. "एकजण तरी वाचाय शिकू दे," एवढंच म्हणाले.

मी बी.ए. झालो. आमच्या भावकीत पहिला. सांगलीत मास्तर झालो आणि नाटक लिहिलं. ऑर्केस्ट्रा काढणाऱ्या चार दोस्तांची गोष्ट होती ती. त्यांचं नाव गाजतं, आणि गाजल्यावर ते फुटतात. कामं करणारी चौघं कोयनानगरच्या धरण कॉलनीतली पोरं. गिटार, अ‍ॅकॉर्डियन, बोंगो सगळं स्वतः वाजवायची आणि रंगमंचावरच गायची. तिसऱ्या अंकातल्या ताटातुटीच्या गाण्याला वन्स मोअर घेतल्याशिवाय पुढं सरकायचं नाही, हे मीच त्यांच्या अंगात भिनवलं होतं. शेवटची ओळ ताणायची, प्रेक्षकांकडं वळून मान लववायची आणि मुखड्यापासून पुन्हा सुरू.

कोल्हापूरचा एक निर्माता प्रयोग बघून म्हणाला, "मास्तर, ह्याचा सिनेमा करू." मी अट घातली, पोरं हीच. "एक दिवस कॅमेऱ्यापुढं बघू, मग बोलू," तो म्हणाला. पोरांना मात्र मी छातीठोक सांगून आलो, "तुम्हाला सोडून सिनेमा होत नाही." चौघांनी त्या भरवशावर मिळतील त्या नोकऱ्या नाकारल्या.

कऱ्हाडला संगमावर त्या एका दिवसाचं शूटिंग ठरलं. गाणं मुंबईच्या गायकांच्या आवाजात आधीच रेकॉर्ड केलेलं. कर्ण्यातून ते वाजणार, पोरांनी फक्त ओठ हलवायचे. कच्ची फिल्म तेव्हा परवान्यावर मिळायची, त्यामुळं प्रत्येक फूट जपून. घाटावर अर्धं कऱ्हाड गोळा झालेलं. गाणं संपत आलं आणि पोरांनी शेवटची ओळ ताणली. कर्णा गप्प झाला तरी ह्यांची तोंडं उघडीच. तेवढ्यात गर्दीतून आरोळी आली, "वन्स मोअर!"

चौघं कॅमेऱ्याकडं पाठ करून वळली, मान लववली आणि खणखणीत आवाजात मुखड्यापासून सुरू झाली. कॅमेरा चालूच. घाट टाळ्यांनी दणाणला.

निर्मात्यानं डोकं धरलं. पोरांना समजावून गाणं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आरोळी आली तेव्हा ती जागची हलली नाहीत, पण चेहरे असे पडले, जणू कुणी थोबाडीत मारली.

"मास्तर, पोरं गुणी हाईत," निर्माता मला बाजूला घेऊन म्हणाला. "पण ती पब्लिकची. सिनेमा तुमाला करायचाय का नाही, तेवढं सांगा."

"करायचाय," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांपुढं पडद्यावरचं माझं नाव होतं. खोटं कशाला लिहू?

गाडीत वाद्यं चढवताना अ‍ॅकॉर्डियनवाला म्हणाला, "सर, या की बसा."

"मी थांबतोय रं. लिहायचं काम आहे."

"व्हय, आमच्याशिवाय होत न्हाई म्हणालेला." तो हसला. "चला रं, सरांना वन्स मोअर मिळाला."

बाकी कुणीच हसलं नाही. मी हात वर केला, तो कुणी बघितला नाही. त्यानंतर चौघांपैकी एकानंही मला पत्र लिहिलं नाही, आणि लिहावं असं मी काही केलं नव्हतं.

सिनेमा पुरा झाला आणि सांगलीत लागला. कथा आणि पटकथेला माझं नाव आहे. नाटकातली पाचही गाणी त्यात आहेत. त्या चौघांपैकी कुणाचा चेहरा किंवा आवाज त्यात नाही.