चार निंबू फोडले, अलाइनमेंट राहिली

गाडीवाल्यांनो, आज माझी चांगलीच जिरली, तरी मी जाम खूश आहे.

दोन महिन्यांआधी मी छोट्या स्प्रिंगा टाकून गाडीची उंची खाली करून घेतली. काय दिसून राहिली होती! आईनं चारही चाकांखाली निंबू ठेवले, मी ते फोडले, झालं.

उद्या आईले घेऊन पचमढीले जायचं, म्हणून आज वाडीतल्या टायरवाल्या काकांकडे हवा भरायले गेले. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, समोरच्या टायरले आतून हात लाव."

लावला तर बोटाले टायरातली तार टोचली. बाहेरून टायर नवा, आतून पार घासलेला! मी दर रविवारी चमकवत होते, तेही बाहेरूनच.

"गाडी खाली केली की चाक वरून आत झुकते, मंग टायर आतूनच घासते. अलाइनमेंट काहून नाही केली?"

"निंबू फोडले होते ना."

"निंबूनं नजर उतरते वं, चाक सरळ नाही होत."

समोरचे दोन्ही टायर बदलले, अलाइनमेंट केली. अमरावती रोडवर गाडी इतकी सरळ धावली की मी उगाच दोन चकरा जास्त मारल्या.

उद्या घाटात आई त्याच घासलेल्या टायरांवर बसणार होती. तुम्ही तुमच्या टायरले आतून हात कधी लावला होता?