पेल्याच्या काठावरचे नाव

ड्युसेलडॉर्फहून तासाभराच्या अंतरावरील एका संग्रहालयात, काचेमागे, प्राचीन माया लोकांचा एक मातीचा पेला ठेवलेला आहे. त्याच्या काठाभोवती तपकिरी रंगातील चिन्हांची एक ओळ फिरते. प्रत्येक चिन्ह एखाद्या दाटीवाटीने बसवलेल्या चेहऱ्यासारखे. शेजारच्या पाटीवर एवढेच लिहिले होते: प्राप्तिस्थान अज्ञात, खाजगी संग्रहातून. दालनाच्या दारावर मात्र मोठ्या अक्षरांत घोषणा होती की ही लुप्त झालेली संस्कृती आहे.

माझे आयुष्य पुण्याच्या दिवाणी न्यायालयात वकिली करण्यात गेले. 'अज्ञात' हा शब्द कागदावर दिसला की माझे डोके आजही तापते. त्या लोकांचे वंशज ग्वाटेमालात आणि मेक्सिकोत हयात आहेत, आपल्या भाषा बोलतात, मका पेरतात. वारस हयात असताना मालमत्ता बेवारस कशी ठरते? घरी येताच मी संग्रहालयाला इंग्रजीत पत्र लिहिले, सहा परिच्छेदांचे, क्रमांक घालून. कोणी खणले, कोणाच्या परवानगीने, पेला कोणाकडून कोणाकडे गेला. सहावा परिच्छेद असा होता: 'माहीत नाही' हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.

मुलगा इथे जर्मनीत मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर आहे, आणि मी आता त्याच्याकडे राहतो. मसुदा वाचून तो म्हणाला, "बाबा, कचऱ्याच्या डब्यांवरून हाउसफरवाल्टुंगला, म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापनाला, तीन पत्रं झाली. आता हे. आल्झो, तर मग या पेल्याचं वकीलपत्र तुम्हाला दिलं कोणी?"

"ज्याचा पेला आहे त्याने," मी म्हणालो.

"तो येणार आहे का सही करायला?"

मी पत्र टाकले. पाच आठवड्यांनी उत्तर आले, एका अभ्यासक बाईंचे, आणि ते अनपेक्षितपणे सरळ होते. पेला बहुधा एखाद्या थडग्यातून चोरून काढला गेला. कोणत्या, हे आम्हांला माहीत नाही, आणि असे लिहावे लागते याचा खेद वाटतो. काठावरची ओळ मात्र वाचता येते. तीत म्हटले आहे की हा अमक्याचा, कोको पिण्याचा पेला. मालकाचे नाव शाबूत आहे. गावाचे नाव असावे तिथला रंग उडाला आहे.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी मी हे उत्तर मोठ्याने वाचले, चढ्या आवाजात, सहाव्या परिच्छेदाच्या भंगाकडे सर्वांचे लक्ष वेधत. माझ्या दहा वर्षांच्या नातीला मराठी समजते, पण ती उत्तर जर्मनमध्ये देते. ती जर्मनमध्ये म्हणाली, "आजीच्या पेल्यावर पण तिचं नाव होतं. तो कुठे आहे, आजोबा?"

माझ्या पत्नीने नाव घातल्याशिवाय एकही भांडे घरात आणले नाही. दुकानाच्या पायरीवर यंत्र घेऊन बसलेल्या माणसासमोर ती उभी राही आणि ठिपक्याठिपक्यांनी उमटणारे आपले नाव शेवटच्या अनुस्वारापर्यंत तपासून घेई. मी एकदा विचारले होते, घरात चोर शिरले आहेत का. "अहो वकीलसाहेब," ती म्हणाली, "तुम्हीच सांगता ना, पुरावा लेखी हवा? असू दे माझा लेखी." सुट्टीत आलेल्या नातीला तिने पहिली देवनागरी अक्षरे शिकवली ती त्याच स्टीलच्या पेल्यावर बोट फिरवून.

ती गेल्यावर पुण्याचे घर रिकामे करून मला इथे यायचे होते. चार पोती भांडी मी एका दुपारी एका भांडेवाल्याकडे मोडीत घातली. पोत्यात काय पडते आहे हे मी पाहिले नाही. पाहणे त्या दिवशी शक्य नव्हते. विमानात नेता येणाऱ्या वजनात मी आयुष्यभर लिहिलेल्या पत्रांच्या प्रती बसवल्या. तिचा एक पेला बसवला नाही.

त्या रात्री नातीला मी म्हणालो, शोधून सांगतो. दुसऱ्या दिवशी त्या भांडेवाल्याला मराठीत पत्र लिहिले. त्यात परिच्छेदांना क्रमांक नव्हते; फक्त तिचे नाव होते, आणि ते कुठल्याही भांड्यावर दिसले तर ठेवून द्यावे अशी विनंती. पुण्यातल्या माझ्या पुतण्याने ते स्वतः नेऊन दिले आणि फोन केला.

"काका, त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मला चहा पाजला. म्हणाले, मोड त्याच आठवड्यात भट्टीवाल्याकडे गेली."

"कुठल्या?"

"मीही विचारलं. ते म्हणाले, माहीत नाही."

नात शाळेतून आल्यावर मी तिला हेच सांगितले, त्याच दोन शब्दांत. ती स्वयंपाकघरातला एक कोरा काचेचा पेला घेऊन पाणी प्यायली आणि तो जपून ओट्यावर ठेवला.

संध्याकाळी मी संग्रहालयाला दुसरे पत्र लिहिले. पहिले पाच परिच्छेद कायम आहेत, त्यांची उत्तरे मला हवी आहेत, आणि दारावरचा 'लुप्त' हा शब्द काढावा. सहावा परिच्छेद मी मागे घेतो. तो लिहिण्याचा अधिकार मला नव्हता. शेवटी एक विनंती केली: पाटीवर 'अज्ञात' या शब्दाच्या आधी, सर्वांत वर, त्या माणसाचे नाव लिहावे. ते आपल्याला वाचता येते.