परसातला सिट-आउट आणि जावयाचा ट्रॅक्टर

हसणार नसाल तर सांगतो. बघा, तुमचं तोंड आत्ताच वाकडं व्हायला लागलं! बरं, हसा, पण कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या बोरसे सरांच्या नाकातून चहा आला होता.

तर, मी घरामागे बसायला एक जागा केली. बस, एवढंच केलं! आणि तेवढ्यानं पोराचं जमत आलेलं लग्न मोडायला निघालं, सख्खी बहीण रुसली आणि धुळ्याच्या सगळ्या देवपुरात मी तोंड लपवत फिरलो. दोष गवंड्याचा नाही, सुताराचा नाही. सगळी करामत या नानाची.

झालं काय, मी रिटायर झालो. नोकरी बांधकाम विभागात होती, असं मी रुबाबात सांगतो. पण तिथं मी हिशेबाच्या टेबलावर होतो, हे सांगत नाही. आयुष्यात एक वीट हातानं उचलली नाही. रिटायर झाल्यावर मात्र माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. त्याला कारण आमची सुनंदा. सकाळी माझे मित्र आले की पुढची खोली भरायची. चहा, पेपर, राजकारण, आरडाओरड. एक दिवस ती म्हणाली, "अहो, तुम्ही रिटायर झालात की मला ओव्हरटाइम लागला?"

मग मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो. परदेशातली रिटायर माणसं घरामागे काय एकेक करतात! लाकडी खांब, वर छप्पर, खाली फरशी, वेताच्या खुर्च्या. त्याला सिट-आउट म्हणतात म्हणे. आमच्या परसात काय होतं? धुण्याचा दगड, मोडका कूलर आणि एक लिंबाचं झाड. मी ठरवलं, इथंच करायचं.

फरशी बसली. चार सागवानी खांब उभे राहिले, वर आडव्या पट्ट्या ठोकल्या. खुर्च्या आल्या, पुण्याला पोराला त्यांचा फोटोही पाठवला. राहिलं होतं फक्त छप्पर. त्याचे पत्रे नाशिकहून यायचे होते, आणि ते आज येतो, उद्या येतो करत होते.

घाई अशी होती की रविवारी जळगावचे पाहुणे येणार होते. आमचा निखिल पुण्यात नोकरीला. बत्तीस पूर्ण झाली, आणि आतापर्यंत प्रत्येक मुलीत काही ना काही खोट काढून बसलेला. या वेळी मात्र गाडी रुळावर होती. जळगावचे पाटील सर, रिटायर हेडमास्तर. त्यांची मुलगी पूजा बँकेत. दोघं फोनवर बोलली, एकदा भेटली आणि आमचा पोरगा स्वतःहून म्हणाला, "नाना, हिला नाही म्हणू नका." सुनंदानं तर देवापुढे साखर ठेवली. आता उरलं होतं ते मोठ्यांनी घर बघणं. माझ्या मनात आलं, त्यांना थेट सिट-आउटमध्येच बसवायचं. हेडमास्तर गारच झाले पाहिजेत!

पण गार कसे होणार? धुळ्याचा एप्रिल! दुपारी त्या खुर्चीवर बसून पाहिलं आणि बसलो त्याच्या दुप्पट वेगानं उठलो. छपराशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि मग मला ती कल्पना सुचली. हिरव्या फांद्या! वर दाट फांद्या पसरल्या की सावली पण आणि शोभा पण. बघा, डोकं कसं चालतं माझं!

साक्रीला आमचे जावई प्रमोदराव. शेती, ट्रॅक्टर, विहिरीवर जांभळाची मोठी झाडं. माणूस अतिशय गुणी, पण तोंडातून शब्द मोजून काढणारा. मी फोन लावला.

"प्रमोदराव, उद्या जांभळाचे डहाळे पाहिजेत. आंब्याचे पण थोडे आणा."

ते म्हणाले, "मामा, मीच आणायचे?"

"मग कोण आणणार? जावई तुम्ही!"

"बरोबर. टोपी-उपरणं घालून येऊ?"

"घाला की! ऊन किती आहे!"

"हो मामा," म्हणाले.

आता तुम्ही खानदेशातले असाल तर एव्हाना कपाळावर हात मारला असेल. आपल्याकडे लग्नाचा मांडव हिरव्या डहाळ्यांचा. जांभळाचे, आंब्याचे डहाळे. आणि ते गाडी भरून आणायचा मान कोणाचा? जावयाचा! हे मला माहीत नव्हतं का? होतं हो. ऐकून माहीत होतं. पण लग्नात मी कायम पंगत कधी बसणार हे विचारणारा माणूस. मांडवाकडे मान वर करून कोण बघतं?

दुसऱ्या दिवशी सुनंदा शिरपूरला बहिणीकडे गेली होती. ती घरात असती तर मी आज तुम्हाला काही सांगायला बसलो नसतो. सकाळीच गल्लीत ट्रॅक्टर आला. ट्रॉली डहाळ्यांनी भरलेली, पुढे बोनेटला झेंडूचा हार, प्रमोदराव कडक टोपी-उपरण्यात आणि त्यांचे दोन भाऊ ट्रॉलीत उभे. मला वाटलं, काय हौशी माणूस! सासऱ्याच्या सिट-आउटचं किती कौतुक!

बघता बघता चार खांबांवर हिरवंगार छप्पर झालं. उरलेल्या आंब्याच्या पानांचं प्रमोदरावांनी तोरणसुद्धा बांधलं. मी नको म्हटलं नाही. दिसायलाच छान दिसत होतं!

शेजारच्या कांताभाभी गॅलरीत आल्या. त्यांचं कापडाचं दुकान, माणूस गोड.

"नानाजी, बधाई हो! एकदम गुपचूप?"

"अहो भाभी, गुपचूप कसलं? घाई झाली. रविवारच्या आत उरकायचं होतं."

"आम्हाला तर काही पत्ताच नाही!"

"सुनंदालासुद्धा नाही!" मी हसून म्हणालो. "ती शिरपूरहून आली की बघेलच."

कांताभाभींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्या आत गेल्या आणि लगेच फोन कानाला लावून परत बाहेर आल्या. मला वाटलं, दुकानाचा फोन असेल.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मला फोटो टाकायची हौस! हिरवं छप्पर, खाली टोपी-उपरण्यातले जावई, शेजारी मी. भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, 'अखेर आज झालं! घरच्या घरी, साधेपणानं. जावईबापूंचे विशेष आभार.'

पहिला फोन दोंडाईच्याहून, माझ्या थोरल्या बहिणीचा. अक्का.

"नाना, तुले लाज शे का?"

"काय झालं अक्का?"

"काय झालं इचारस? मांडो टाका अनि बहीनले सांगं बी नही!"

मला वाटलं, गावाकडे कुठल्याही सावलीला मांडवच म्हणतात. म्हटलं, हिला उद्घाटनाला बोलावलं नाही म्हणून राग आला.

"अगं, छोटंसं तर केलं. पुढच्या वेळी तुला आधी सांगतो."

"पुढला टाइमले? कितला टाइम करशी?"

"जमलं तर पुढच्या वर्षी गच्चीवर पण एक करायचंय!"

फोन बंद. मी म्हटलं, रेंज गेली.

मग आला जळगावचा फोन. पाटील सर! आवाज बर्फासारखा.

"नाना, अभिनंदन. फोटो बघितला."

आता ग्रुपवरचा फोटो त्यांच्याकडे कसा, असं मला वाटायला हवं होतं की नाही? पण खानदेशात कोणाचं नातं कोणाकडून निघेल सांगता येतं का? आणि मी तर कौतुकाला भुकेला!

"आवडलं का सर?"

"आमच्या आवडण्याचा काय संबंध? तुम्हाला पसंत पडलं ना?"

"आम्हाला तर फार! निखिल पुण्यात फोटो बघूनच खूश झाला."

"आम्हाला आधी एक शब्द सांगितला असता तर बरं झालं असतं."

"अहो सर, तुम्हाला तर सरप्राइज द्यायचं होतं!"

ते म्हणाले, "मिळालं," आणि फोन ठेवला.

संध्याकाळी सुनंदा रिक्षातून उतरली तेव्हा फाटकाशी बायका जमलेल्या. कोणी तिच्या हातात नारळ दिला, कोणी तिला मिठी मारली. ती तशीच नारळ घेऊन मागच्या दारात आली आणि वर बघितलं. डहाळे बघितले. तोरण बघितलं. कोपऱ्यात टोपी काढून पाणी पीत बसलेले जावई बघितले.

"अहो," ती हळूच म्हणाली, "कोणाचं लग्न लावलंत?"

खरं सांगतो, तोपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मी प्रमोदरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मामा, मला वाटलं निखिलचं घाईत ठरलं. मोठ्या माणसांना फार विचारू नये."

तेवढ्यात निखिलचा फोन. "नाना, माझं लग्न झालं का? ऑफिसात सगळे पेढे मागताहेत. आणि पूजानं मला ब्लॉक केलंय!"

लहानपणीसुद्धा तो कधी इतका रडवेला झाला नव्हता. तेव्हा मात्र माझं सगळं हसू आटलं. बत्तीस वर्षांच्या पोरानं पहिल्यांदा कोणासाठी तरी हट्ट केला, आणि बापानं त्याचं काय केलं? तर सिट-आउट!

फोन लावला, पाटील सर उचलेनात. दुसऱ्या दिवशी पहाटेच प्रमोदरावांना घेऊन जळगाव गाठलं. सरांनी दार उघडलं, पण 'या' म्हणाले नाहीत. बसायलाही सांगितलं नाही. पूजा आतल्या दाराशी हाताची घडी घालून उभी. डोळे सुजलेले. तिच्याकडे बघवेना.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. कूलर, लिंबाचं झाड, नाशिकचे न आलेले पत्रे, सगळं. मोबाइलमधल्या खुर्च्या दाखवल्या.

सर म्हणाले, "जांभळाचे डहाळे कशाला?"

"सावली दाट पडते सर."

"जावयानं टोपी घालून का आणले?"

"ऊन होतं."

"तोरण?"

"पानं उरली होती."

"तुमच्या मुलीच्या लग्नात मांडव नव्हता?"

"होता की. पण मी आचाऱ्याजवळ होतो."

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "नाना, मी आयुष्यभर पोरांच्या थापा ऐकल्या. असली थाप एकाही पोरानं मारली नाही."

मी प्रमोदरावांकडे मदतीसाठी बघितलं. ते म्हणाले, "मामा खरं बोलतात." बस! एवढंच! अहो, एरवी चालेल, पण आज तरी चार शब्द जास्त बोलायचे की नाही?

मला वाटलं, संपलं. आणि तेवढ्यात पूजा हसायला लागली. आधी तोंडावर ओढणी धरून, मग उघड उघड.

"बाबा, काका खोटं बोलत नाहीत."

"कशावरून?"

"खोटं बोलायचं असतं तर माणूस जरा बरी गोष्ट रचून आला असता. इतका वेडेपणा स्वतःच्या तोंडानं कोण मुद्दाम सांगेल?"

सरांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. उत्तरपत्रिका तपासतात ना, तसं. आणि म्हणाले, "हं. खरं आहे तुझं. एवढं डोकं यांचं चालायचं नाही."

"नाही चालत सर!" मी हात जोडून म्हणालो. "अजिबात चालत नाही!" नापास झाल्याचा इतका आनंद मला शाळेत कधी झाला नव्हता.

मग 'या, बसा' झालं, शेव-पोहे झाले, रविवारचं येणंही पक्कं झालं. पूजानं माझ्यासमोर निखिलला फोन लावला आणि पहिलंच वाक्य म्हणाली, "अरे, तुझे नाना म्हणजे कमाल आहेत." कमाल म्हणजे नक्की काय, हे मी विचारलं नाही.

घरी आलो तर अक्का दोंडाईच्याहून येऊन मांडवाखाली, म्हणजे सिट-आउटमध्ये, वेताच्या खुर्चीवर बसलेली. रुसवा अर्धाच उतरला होता. मी शिडी आणून डहाळे उतरवायला गेलो तर ओरडली, "हात नको लावू! रिकामा मांडो उतारतस नही. आते पोर्‍यानं लगीन व्हवू दे!" झालं! नाशिकचे पत्रे परवा आले, ते भिंतीला टेकवून ठेवलेत. आम्ही सगळे मित्र वाळक्या पानांखाली बसून चहा पितो आणि कपात पडलेली पानं बोटानं काढतो.

पण ते सोडा. त्या दिवशी सुनंदानं मला विचारलं, "काय हो, शेवटी पटलं कसं त्यांना?"

मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. सर काय म्हणाले, पूजा काय म्हणाली, मी हात कसे जोडले. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं बाई. तिला लग्नाआधीच कळलं. मला लग्नानंतर कळलं होतं."