रंगारी नानांच्या गच्चीवर दोन बरण्या

“मसाला शे (आहे),” बसमध्ये मागच्या सीटवरची अक्का शेजारणीला म्हणाली. “रंग देख ना!”

माझ्या मांडीवरच्या बाटलीत विटकरी पूड होती. बिस्मथ आणि लोखंडाची, वीज आणि चुंबक दोन्हींचे गुण अंगी असलेली. तिचे कण इतके बारीक, की साध्या उजेडातही पाण्यातला रंग तोडतात. हे सांगायला मराठी शब्द जुळवेपर्यंत एरंडोल मागे पडलं. मी नुसती हसले.

जळगावच्या केळीच्या बागा केव्हाच संपल्या होत्या. आता दोन्हीकडे कापूस. पारोळ्याला मिरचीची भजी घेतली. दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे धुळ्याला जाताना आई इथेच घेऊन द्यायची, आणि मी फक्त वरचं पीठ खायचे. मावशी आता पुण्याला असते. धुळ्यात ओळखीचे उरलेत ते तिच्या गल्लीतले रंगारी नाना.

“गुलाबी ओढणीवाली ना तू? इंग्रजी शाळेतली?” नानांनी लगेच ओळखलं. उकळत्या रंगाचा आंबूस वासही तोच. तेव्हा त्यांच्या दारातलं गटार रोज नव्या रंगाचं वाहायचं आणि मला ते फार सुंदर वाटायचं.

माझ्या संशोधनाच्या गाईडसरांना उद्याच्या परिषदेसाठी फोटो हवा होता: खऱ्या रंगाचं पाणी, पूड, ऊन आणि शेवटी नितळ बरणी. गच्चीवर मी नानांचं रंगाचं पाणी बरणीत पातळ केलं, पूड घातली. नानांनी शेजारी तेच पाणी भरलेली दुसरी बरणी ठेवली, बिनपुडीची.

“ही कशाला?”

“आम्ही ओढण्या सावलीत का वाळवतो, पोरी? उनमा रंग उडी जास (उन्हात रंग उडून जातो). तुझी पूड रंग उडवते, का ऊन, देखू तरी!”

माझे कान तापले. प्रयोगशाळेत अशी बरणी मी कधीच विसरत नाही. आज फोटोच्या घाईत विसरले.

दुपारपर्यंत दोन्ही बरण्या फिकट झाल्या. माझी किंचित जास्त. किंवा मला तसं दिसायला हवं होतं.

“माझी बरणी सोडून फोटो काढ,” नाना हसले. “मी कोणाला सांगायला जातोय?”

परतीच्या बसमध्ये तिरपं ऊन कापसावर पडलं होतं. सरांचा फोन आला. “पाणी नितळ झालं ना? फोटो पाठव.” त्यांच्यापुढे ‘येस सर’च्या पलीकडे मी आजवर गेलेले नाही.

“फिकट झालं, सर,” मी म्हणाले. “पण पूड न घातलेलंही जवळपास तेवढंच झालं.”