तांदूळ वाढलेत

आमच्या घरी तांदूळ संपत नाहीत, वाढतात. डब्यात खडखडाट झाला तरी 'संपले' म्हणायचं नाही, असा आईचा दंडक. लहानपणी एकदा 'पीठ संपलं' म्हणून ओरडले, तेव्हा तिने असं बघितलं की पुन्हा हिंमत झाली नाही.

जर्मनीत, एर्लांगेनमधल्या दुसऱ्या हिवाळ्यात, एका रविवारी दुपारी माझे तांदूळ वाढले. दुकानं बंद. पण खरं सांगते, तांदळावाचून काही अडलं नव्हतं. बेसन होतं, दोन कांदे होते, अर्धा वाळलेला काळा ब्रेड होता. अडलं होतं ते माणसावाचून. शुक्रवारी लॅबमधून निघताना कुणाला तरी 'च्यूस' म्हटलं, त्यानंतर तोंडातून शब्द फुटला नव्हता. पीएचडीला आलेय की मौनव्रताला, तेच कळेना.

इथल्या मराठी ग्रुपवर टाइप केलं, 'कुणी जेवायला येतं का?' मग लाज वाटली. पुसलं. लिहिलं, 'तांदूळ वाढलेत. स्टेशनच्या मागे जवळपास कुणी आहे का?' एकीचं उत्तर आलं, 'पत्ता पाठव.' पाठवला.

अर्ध्या तासात बेल वाजली. दारात पंचावन्न-साठीच्या एक काकू, डोक्यावर सायकलचं हेल्मेट, हातात रिकामा डबा.

"किती वाढलेत गं? एवढ्यात मावतील ना?"

मी कपाळावर हात मारला. "अहो काकू, वाढले म्हणजे संपले!"

"अगंबाई! आल्झो, म्हणजे, पंचवीस वर्षं झाली इथे. मराठी बोलायला आहे कोण आता? हे गेले, मुलं लांब, फोन केला तर उत्तरं जर्मनमध्ये. विसरायला होतं."

मला फार वाईट वाटलं. पण आगाऊपणाही अंगात मुरलेला. "हेल्मेट काढा, बसा. पिठलं टाकते," म्हटलं, आणि त्या बाईंची शिकवणीच घेतली. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. बेसन आधी पाण्यात कालवून घ्यायचं, नाहीतर गुठळ्या होतात. काकू आपल्या जर्मनमध्ये "या, या, गेनाऊ", म्हणजे 'हो हो, अगदी बरोबर', करत मान डोलावत होत्या. बडबडीच्या नादात माझ्याच पिठल्यात गुठळ्या झाल्या. तशी काकूंनी पळी घेतली, मुकाट्याने एकेक गुठळी कढईच्या कडेला दाबून मोडली, आच कमी केली, झाकण ठेवलं. माझं आपलं चालूच होतं.

ब्रेड तव्यावर गरम केला, कांदा बुक्कीने फोडला. "वाढू अजून?" विचारलं की "वाढ की" म्हणायच्या. दोघींनी कढई खरवडून खाल्ली. दोन दिवसांचं तुंबलेलं बोलून माझा घसा बसला.

चारच्या सुमाराला काकू दाराशी बूट घालायला बसल्या. नाड्या बांधता बांधता म्हणाल्या, "एक सांगू? रागावू नकोस. वाढले म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मीठ संपलं म्हटलं की माझ्या सासूबाई दिवसभर अबोला धरायच्या."

मी भडकलेच. "मग तांदूळ आणायचे ना! रिकामा डबा कसला नाचवत आलात?"

"आणले असते गं. दहा किलोची पिशवी पडलीय घरी, एकटीला कितीसा भात लागतो?" त्या उठल्या, हेल्मेटचा पट्टा लावला. "पण तांदूळ आणले असते, तर तू ते दारातच घेतले असतेस. थँक यू काकू म्हणून मला वाटेला लावलं असतंस."

लावलंच असतं. वर स्वतःला समजावलं असतं की कशाला उगीच कुणाचा रविवार मोडा. मग भात टाकला असता, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून समोर ठेवला असता, आणि एकटीनेच जेवले असते.