नोव्हेंबरातला बसंत

आधीच सांगून टाकतो, मी या असल्या गोष्टी मानणाऱ्यांतला नाही. मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीत आहे. पार्ट का बिघडला याचं कारण शोधणं हेच माझं काम, आणि शोधलं की कारण सापडतंच. या फोरमवरचे अनुभव मी आजवर कंपनीच्या बसमध्ये टाइमपास म्हणून वाचत आलो. पण गेल्या नोव्हेंबरात आमच्या घरी जे झालं त्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही... म्हणून लिहितोय.

गुरुग्रामच्या एका जुन्या सेक्टरात, पार्कासमोर, दुसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. आई, बाबा आणि मी. बाबा एका शाळेत गाणं शिकवायचे, आता रिटायर्ड. मैफिली फार केल्या नाहीत, पण बंदिशी स्वतः रचतात, आणि त्याही ऋतू बघून. सकाळी पार्कात जायचं, आंब्याखालच्या बाकावर बसायचं, आणि मोहोर दिसला की बसंत रागात त्या वर्षीची बंदिश रचायला घ्यायची. त्याआधी बसंत गुणगुणायचासुद्धा नाही. पाऊस लांबला तर मल्हारची बंदिश अर्धी टाकून बसून राहायचे. आई भाजी निवडता निवडता म्हणायची, "हवामान खात्याला फोन लावा, म्हणजे तुमचं काम पुढे सरकेल."

लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात त्यांनी आईसाठी एक बंदिश रचली होती. आंबा मोहरला, तू अजून उंबऱ्यातच का उभी... अशा काहीशा अर्थाची. आईला तीच आवडायची. पण फेब्रुवारी आल्याशिवाय ती तिला कधी ऐकायला मिळाली नाही.

गेल्या वर्षी आईची फुफ्फुसं हळूहळू निकामी होत गेली. दिवाळीनंतर तर डॉक्टरांनीच घरी न्या म्हणून सांगितलं. तुम्हाला इथला नोव्हेंबर माहीत असेलच, समोरचा पार्क धुरात दिसेनासा होतो. आईच्या खोलीच्या खिडक्यांच्या फटी मी टेप लावून बंद केल्या होत्या. ऑक्सिजनचं मशीन, एअर प्युरिफायर, आणि दिवसभरासाठी एक सिस्टर, सुनीता, बिहारची. बाबा त्या दिवसांत काहीच गात नव्हते. या धुराला कुठलाच राग नाही, म्हणायचे.

एका दुपारी आई म्हणाली, "अहो, तुमचा बसंत ऐकायचाय."

"मोहोर येऊ दे," बाबा सवयीनं बोलून गेले.

"तोवर मी असेन असं वाटतं तुम्हाला?"

मी म्हटलं, "बाबा, मोबाईलवर रेकॉर्डिंग आहे ना एखादं? लावू का?"

"रेकॉर्डिंग नको रे," आई म्हणाली. "समोर बसून गायला हवं तुम्ही. आणि अहो, अवेळी गायलात म्हणून कुणी पकडून नेणार नाही तुम्हाला. बिल्कुल नाही." एवढं बोलून तिला धाप लागली.

बाबा उठले, मास्क लावला आणि तसल्या हवेत खाली गेले. मला राग आला. बायको मरायला टेकली आहे आणि यांना अजून ऋतू सुटत नाही, असं वाटलं. खिडकीतून ते आंब्याखाली बाकावर बसलेले पुसटसे दिसत होते. बराच वेळ बसले. मग वर आले, हातपाय धुतले, आईच्या पलंगाजवळ खुर्ची ओढली, मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावलं आणि बसंत सुरू केला.

सुरुवातीला आवाज फाटत होता. मशीनच्या घरघरीत निम्मं ऐकूही येत नव्हतं. मग कधीतरी आवाज मोकळा झाला, आणि त्यांनी तीच बंदिश धरली. आई डोळे मिटून पडली होती. अंतऱ्याला आल्यावर तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आला की हो मोहोर."

मला वाटलं, भ्रमात बोलतेय. इतक्यात सुनीता स्वयंपाकघरातून धावत आली. "भैया, अगरबत्ती जलाई क्या? ऑक्सिजन चल रहा है!" मग दारातच थबकली. "अरे... ये तो आम के मंजर की खुशबू है।"

आणि तेव्हा मलाही तो मोहोराचा वास आला. दाट, गोडसर, किंचित तुरट. फेब्रुवारीत आमच्या गॅलरीत येतो तोच. टेप तपासली, कुठेही सुटली नव्हती. घरात अत्तर नाही, रूम फ्रेशनर नाही. आमच्या प्युरिफायरला जरा फोडणीचा वास लागला तरी त्याचा दिवा लाल होतो. आठवडाभर तो लालच होता. त्या वेळी मात्र हिरवा होता. बाबा गात राहिले, आईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. गाणं संपल्यावर वास हळूहळू गेला आणि दिवा पुन्हा लाल झाला.

त्याच आठवड्यात आई गेली. ती गेल्यापासून संध्याकाळी घरी यायला नको वाटतं.

फेब्रुवारीत सेक्टरातले सगळे आंबे मोहरले. पार्कातला आमचा मात्र नाही, त्याला नुसती पालवी. माळ्याला विचारलं तर म्हणाला, "कभी कभी एक साल छोड़ देता है, साहब।" आंब्याचं असं होतं म्हणे, इंटरनेटवरही तेच लिहिलंय. झाडाचं मी मान्य करतो. वासाचं काय? सेन्सर बिघडला असेल, पण तिघांची नाकं एकदम कशी बिघडतील? बाबांना विचारलं, तुम्हाला आला होता का वास? तर म्हणाले, "मी गात होतो."

वसंत पंचमीला दरवर्षीप्रमाणे त्यांचे शिष्य पिवळे कपडे घालून आले. बाबांनी सगळ्यांना गायला लावलं, स्वतः चहा केला, पण गायले नाहीत. सगळे गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, आता तर ऋतू आहे. आईची बंदिश गा ना. मला ऐकायचीय."

ते कप विसळत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "यंदाचा वसंत तिला देऊन टाकला रे. आता कुठून आणू?"