चुनखडीतली मोसंबी

वाटण्या झाल्या तवा अण्णांच्या थोरल्या भावाला, म्हंजे आमच्या मोठ्या बाबांना, नदीकाठची काळी जमीन गेली अन् अण्णांना टेकाडाखालची पांढरी. ती कशीय म्हनून गावात कुणी विचारलं की मोठे बाबा मिशीवर बोट फिरवून, अर्धं वाक्य नाकातून सोडून सांगायचे, "हाये बरी. मेहनत पाह्यजे." हा आवाज मी इतका बराबर काढायचो की मोठे बाबाच आले समजून आई चुलीपुढं पदर सावरून उठायची. अण्णा मात्र बिलकुल हसायचे न्हाईत. त्यांना ती जमीन खरंच बरी करून भावाला दाखवायची होती.

म्हनून त्यांनी तिथं मोसंबी लावली. पहिली दोन-तीन वर्षं झाडं चांगली वाढली. मंग पानं पिवळी पडायला लागली. शिरा तेवढ्या हिरव्या अन् मधलं सगळं पिवळं. नवी पालवी तर पांढुरकीच यायची. मी प्रत्येक झाडाची नाडी धरून, वैद्यासारखा घसा खाकरून 'कावीळ' म्हनून सांगत फिरलो. अण्णांनी शेणखत घातलं, युरिया घातला, पाणी वाढवलं. जितकं पाणी जास्त, तितकी झाडं अजून पिवळी.

कृषी सहाय्यक आल्ते एकदा. फटफटीवरून न उतरताच म्हन्ले, लोह कमी पडून राह्यलं, अन् गेले. दुसऱ्या दिवशी अण्णांनी जालन्याची एसटी धरली. जुन्या जालन्यात एका लेथवाल्याकडून लोखंडाच्या किसाचं पोतं भरून आणलं. कंडक्टरनं विचारलं, यात काय हाये? अण्णा म्हन्ले, झाडांचं जेवण. त्यानं पोत्याचंबी तिकीट फाडलं. तो कंडक्टर मी महिनाभर पारावर करून दाखवला.

आम्ही प्रत्येक आळ्यात तो किस पुरला. जालना लोखंडाचं गाव, तिथलं लोखंड लागू न्हाई पडायचं तर कुठलं पडायचं, असा अण्णांचा हिशोब. शेजारचे म्हनायचे, आता मोसंबी सोलायला छन्नी लागंल. मी त्यांच्यासंग हसलो. अण्णा रोज सकाळी जाऊन पानं उलटी करून पाहायचे.

पावसाळा गेला. पानं तशीच.

सहाय्यक परत आले, ह्या वेळी फटफटीवरून उतरले. कुदळीनं आळं उकरलं. पांढरी मुळं गंजलेल्या किसाला चिकटून होती. ते सांगायला लागले की मूळ खात न्हाई, पितं. पाण्यात विरघळंल तेवढंच आत जातं. लोखंड विरघळावं म्हनून झाड मुळातून थोडी आंबट लाळ सोडतं, पण ह्या जमिनीतला चुना ती लाळ जागच्या जागी मारतो. लोखंड आधीबी मातीत होतंच. आता उगंच जास्त झालं.

"मंग आंबट आपन देऊ," अण्णा म्हन्ले.

तवापासून घरात ताक राह्यलं न्हाई. सगळं बादलीनं आळ्यात. चिंचेचं पाणीबी दिलं. आई म्हन्ली, झाडांना वरून लसणाची फोडणीबी देऊ का? त्यावर अण्णा जरासे हसल्यावानी झाले. सहाय्यकांनी सांगितल्यापरमानं हिराकसाची, म्हंजे पाण्यात विरघळणाऱ्या लोखंडाची, पानांवर फवारणीबी केली. फवारा बसला तिथं पानाला हिरवे ठिपके आले. चार दिवस अण्णा भरभर चालायचे. नंतरची पालवी परत पांढुरकी आली. मंग शेंडे वाळायला लागले, वरून खाली. उन्हाळ्यात अण्णा शेतात जायचे, पण झाडांकडं पाठ करून विहिरीवर बसायचे. मी काय नक्कल केली तरी वळून पाहत न्हवते.

झाडं तोडली त्यांनी स्वतःच. खोडं उपटायला मोठे बाबा स्वतःचे बैल घेऊन आल्ते. कुणी बोलावलं न्हवतं. दुपारपर्यंत दोघं भाऊ काम करून राह्यले. एका खोडाखाली पांढरा थर निघाला, हातात घेतला तर पिठासारखा. मोठ्या बाबांनी तो पायानं सारला.

"बाजरी पेर इथं," ते म्हन्ले. "मोसंबी येत नसती ह्याच्यात."

अण्णा वाकलेले होते, तसेच थांबले. "तुम्हाला कधीपासून माहीत, भाऊ?"

मोठे बाबा बैलाच्या पाठीवरची माशी हाकलत राह्यले. "बापानं इथं विहीर काढली तवा मी खाली होतो. सगळा चुनाच निघाल्ता. तू ल्हान होता."

"वाटणीच्या वेळेस सांगितलं असतं."

अण्णांनी साखळी सोडली, बैलांचा कासरा त्यांच्या हातात दिला अन् म्हन्ले, "न्या. ऊन झालं त्यांना."

मोठे बाबा बैल घेऊन बांधापर्यंत गेले, तिथं जरा थांबले, मंग गेले. राह्यलेली खोडं अण्णांनी अन् मी कुदळीनं काढली. लई वेळ लागला. मुळं लांबवर गेल्ती, एकेक ओढताना हाताची सालटं निघायची. अण्णा मधीच म्हनायचे, धर नीट.